वाचकांचे प्रश्न : परसातली फरशी आणि चार अशोक

प्रश्न : आमचे घर कऱ्हाडजवळ असून मागे ३० बाय २० फुटांचे परस आहे. गेल्या वर्षी सगळ्या परसात सिमेंटवर फरशी बसवून घेतली. पावसाळ्यात मागच्या दाराशी पाणी साचले आणि आता काही फरश्या उचलल्या गेल्या आहेत. ‘अशोक’ म्हणून आणलेली चार रोपे खऱ्या अशोकाची नाहीत, असे शेजारच्या काकू म्हणतात. बागेची आखणी, झाडांची ओळख आणि फरशीकाम आम्ही स्वतः शिकायचे ठरवले आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : सुरुवात पाण्यापासून करावी. पहिला जोराचा पाऊस पडेल तेव्हा छत्री घेऊन परसात उभे राहा आणि पाणी कोठून येते, कोठे थबकते व कोठून बाहेर पडते, ते कागदावर बाणांनी काढा. आखणीचा पहिला नकाशा हाच असतो.

तुमच्याकडची जमीन काळी असेल, तर फरशी उचलली जाण्याचे कारणही बहुधा तिच्यातच आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा सिमेंटचा पातळ थर त्या हालचालीने तडकतो. म्हणून जेथे खरोखर चालायचे-बसायचे आहे तेवढीच जागा फरशीसाठी ठेवावी आणि तेथली माती सात-आठ इंच काढून टाकावी. त्या खड्ड्यात सुमारे ४ इंच मुरूम पाणी मारून धुम्मसाने ठोकून बसवावा, त्यावर दीड इंच दगडाची बारीक कच पसरावी आणि मग जाड शहाबादी फरशी, खडबडीत बाजू वर ठेवून, मांडावी. गुळगुळीत फरशीवर शेवाळे धरले की पाय घसरतो. सांधे अर्धा इंच रुंद ठेवून तेही कचेनेच भरावेत, म्हणजे पावसाचे काही पाणी तेथेच जिरते आणि एखादी फरशी खचली तर तेवढीच उचलून पुन्हा बसवता येते. सगळ्यांत महत्त्वाचा तो उतार. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या दिशेने दर १० फुटांमागे सुमारे २ इंच उतार हवाच. तो डोळ्यांच्या अंदाजाने काढू नये. पाणी भरलेली पारदर्शक नळी दोन्ही टोकांना धरून पातळी खुणावी आणि त्याप्रमाणे दोरी ताणावी.

झाडांच्या जागा ठरवताना ऊनही असेच पाहावे. आपल्याकडे डिसेंबरात भर दुपारी १० फुटी भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ ९ फूट पडते, तर मेअखेरीस सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकल्यामुळे त्याच भिंतीची उत्तर बाजू उन्हात येते. हिवाळ्यात ‘सावलीची जागा’ म्हणून तेथे लावलेले नेचे उन्हाळ्यात करपतात ते याचमुळे.

आता अशोक. काकूंची शंका रास्त असू शकते, कारण अशोक या नावाने दोन अगदी वेगळी झाडे विकली जातात. कोवळ्या पालवीच्या रंगावर जाऊ नका. तांबूस पालवी दोघांनाही येते. पानाचा देठ फांदीला जेथे मिळतो, त्या बेचक्यात बारीक कळी शोधा. प्रत्येक सुट्या पानाच्या बेचक्यात कळी असेल, पान लांबट व कडेने लहरदार असेल आणि फांदीवर पाने एकाआड एक असतील, तर तो सीताफळाच्या कुळातला खोटा अशोक होय. एका लांब दांड्यावर पर्णिकांच्या, म्हणजे सुट्या पानांसारख्या दिसणाऱ्या भागांच्या, चार ते सहा जोड्या असतील आणि कळी एकेका पर्णिकेपाशी नसून त्या दांड्याच्या बुडाशीच असेल, तर ते सगळे मिळून एकच संयुक्त पान आहे आणि झाड सीताअशोकाचे, म्हणजेच खऱ्या अशोकाचे आहे. ही एक कळी शोधायची सवय लागली, की पुढची कितीतरी झाडे ओळखणे सोपे होते, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक नव्या झाडाची एक डहाळी वर्तमानपत्रात दाबून तिच्यावर तारीख व ठिकाण लिहून ठेवावे. याच नोंदी पुढे फुलोऱ्याच्या वेळी ताडून पाहता येतात.

रोपे खोट्या अशोकाची निघाली तरी टाकू नयेत. ती सरळ उंच वाढतात, म्हणून मागच्या कुंपणालगत ओळीने लावावीत. एखादा सीताअशोक मिळवलात, तर त्याला ओलाव्याची आणि लहानपणी थोड्या सावलीची जागा द्यावी. तुमच्या पावसाळी नकाशावर बाण जेथे संथ होतात, पण पाणी साचून राहत नाही, तेथे तो चांगला रुजेल.