‘डोन्ट सेव्ह’ दाबलं आणि झोप उडाली

“मॅडम, काम पुन्हा केलं, ऑडिटही पार पडलं. मग अजून छातीत का धडधडतं?”

मार्चअखेर उलटली की हा प्रश्न कुणा ना कुणाकडून येतोच. गेलेली फाइल पुन्हा तयार होते, पण जिच्या हातून ती गेली तिचा स्वतःवरचा भरवसा काही परत येत नाही. अशाच एका ताईंचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

ताई एका पतसंस्थेत कारकून. ऑडिटरसाठी थकबाकीदारांची यादी आणि तरतुदीचा तक्ता एक्सेलमध्ये करत होत्या. कोरं पान उघडलं, टायपिंग सुरू केलं, नाव द्यायचं राहिलं. दुपारभर काम झालं. काउंटरवर गर्दी, वर साहेबांची हाक, त्या गडबडीत खिडक्या बंद करताना समोर चौकट आली आणि बोट ‘डोन्ट सेव्ह’वर पडलं. त्या रात्री उशिरापर्यंत थांबून त्यांनी सगळं पहिल्यापासून केलं.

माझ्याकडे समुपदेशनाला आल्या तेव्हा महिना उलटून गेला होता. आता त्या दर दोन-तीन ओळींनंतर कंट्रोल-एस दाबत. मग फाइल बंद करून पुन्हा उघडत, आकडे आहेत ना बघायला. मग मोबाइलने स्क्रीनचा फोटो. फोल्डरमध्ये ‘ऑडिट फायनल’, ‘ऑडिट फायनल २’, ‘ऑडिट फायनल खरंच’ अशी रांग लागलेली. पर्समध्ये पेन ड्राइव्ह. रात्री जेवताना सहकाऱ्याला फोन, “दादा, उद्या गेल्यावर आधी माझी फाइल उघडून बघाल?” घरचे म्हणत, काळजी घेते, चांगलंच आहे की.

पहिल्या भेटीतच त्यांनी विचारलं, “ती फाइल मिळाली असती का हो?”

उत्तर होतं, बहुतेक मिळाली असती. एक्सेल ठरावीक वेळाने, मुळात दर १० मिनिटांनी, चालू कामाची एक प्रत बाजूला ठेवतं. नाव न दिलेली फाइल बंद केली तरी ती प्रत साधारण ४ दिवस संगणकात राहते. फाइल, इन्फो, मॅनेज वर्कबुक, मग ‘रिकव्हर अनसेव्ह्ड वर्कबुक्स’, एवढाच रस्ता. तिथे फाइल दिसली की उघडायची आणि लगेच नाव देऊन सेव्ह करायची. ‘डोन्ट सेव्ह’च्या त्या चौकटीतसुद्धा बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की अलीकडची प्रत तात्पुरती उपलब्ध राहील. घाईत ते वाचतो कोण?

हे सांगावं की नाही, असा प्रश्न माझ्यापुढे होता. मी सांगितलं, पण दुसऱ्या भेटीत. खरं लपवून कुणाची चिंता कमी झालेली मी पाहिलेली नाही. ताई आधी रडल्या, मग चिडल्या. “म्हणजे मी मूर्खच.” निकाल कळल्यावर ‘हे तर आधीच कळायला हवं होतं’ असं वाटणं हा मनाचा जुना खेळ आहे. बारूच फिशहॉफ या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये तो प्रयोगांतून दाखवला. त्या दुपारी ताईंना ही सोय माहीत नव्हती आणि ऑफिसात कुणी कधी दाखवलीही नव्हती. माहीत नसणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे.

पण ताईंचं खरं दुखणं होतं ते पुन्हा पुन्हा तपासण्याचं. नेदरलँड्समध्ये व्हॅन डेन हाउट आणि किंट यांनी २००३ मध्ये एक अभ्यास मांडला. त्यात लोकांना संगणकावरच्या नकली गॅस शेगडीची बटणं वारंवार तपासायला लावली. त्यांची आठवण फारशी बिघडली नाही, पण आठवणीवरचा विश्वास मात्र ढासळला. ताईंचं नेमकं हेच झालं होतं. जितक्यांदा फाइल उघडून बघत, तितकं ‘आत्ता खरंच बघितलं का?’ वाढत होतं.

म्हणून आधी राखणदारीचं काम यंत्राकडे दिलं. साहेबांची परवानगी घेऊन फाइली ऑफिसच्या वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत गेल्या, कारण एक्सेलचं ऑटोसेव्ह चालतं ते वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवरच. त्यात एक मेख आहे. चुकून खोडलेलंही ते इमानेइतबारे सेव्ह करतं, म्हणून व्हर्जन हिस्टरी, म्हणजे फाइलच्या आधीच्या प्रतींची यादी, कुठे असते ते शिकून घ्यावं. ज्या फाइली संगणकावरच राहणार होत्या, त्यांच्यासाठी ऑप्शन्समधल्या सेव्हमध्ये जाऊन प्रत ठेवण्याची वेळ १० मिनिटांची २ मिनिटं केली. नवं पान उघडलं की आधी एफ१२ दाबून नाव, मग पहिला आकडा. शनिवारी एक प्रत ऑफिसच्या कपाटात.

पर्समधल्या पेन ड्राइव्हबद्दल मी जरा कडक बोलले. सभासदांची नावं, कर्जाच्या रकमा घेऊन बसने रोज ये-जा! फाइल हरवण्यापेक्षा तो पेन ड्राइव्ह हरवणं कितीतरी महागात पडलं असतं. भीतीपोटी केलेला उपाय कधीकधी मूळ धोक्याहून मोठा धोका होऊन बसतो.

मग मनाचा सराव. सेव्ह झाल्यावर वरच्या पट्टीवर एकदा नजर टाकायची, फाइल पुन्हा उघडायची नाही. फोटो बंद. रात्रीचा फोन सकाळवर ढकलायचा. पहिल्या आठवड्यात ताईंना हे फार जड गेलं, हात आपोआप माउसकडे जाई. अस्वस्थता चढते, थोडा वेळ टिकते आणि काही न करताही उतरते, हे स्वतः अनुभवल्यावरच त्यांना पटलं.

प्रत्येकाचं एवढ्यावर भागेलच असं नाही. तपासण्यात रोज तासाहून अधिक वेळ जात असेल, कुलूप, गॅस, नळ असं सगळीकडेच ते पसरलं असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येतं.

ताई आता वेळेवर घरी जातात. ऑडिटच्या आठवड्यात मात्र सहकाऱ्याला एखादा फोन अजून जातो. तो बंद करण्याच्या मागे मी लागले नाही.