कॉकटेल बारमध्ये कोपऱ्यात नव्हे, काउंटरपाशी बसा

आपण विचारले आहे की, बेळगावहून नोकरीसाठी बंगळूरला आल्यावर सहकाऱ्यांसोबत प्रथमच एका नावाजलेल्या कॉकटेल बारमध्ये जायचे आहे, तर तिथे अवघडून न जाता संध्याकाळ कशी घालवावी. मी खानापूरचा. काही वर्षांपूर्वी भाच्याने मला अशाच ठिकाणी नेले, तेव्हा मीही पुरता बावरलो होतो.

आपल्याकडे ‘बार अँड रेस्टॉरंट’ म्हटले की अंधूक दिवा, पडदा ओढलेली केबिन, क्वार्टर आणि चखण्याचे शेंगदाणे असे चित्र उभे राहते. ओळखीच्या कुणाला आपण दिसू नये, हीच तिथल्या बैठकीची मुख्य सोय असते. त्या सवयीने मी कोपऱ्यातले टेबल शोधू लागलो, पण भाच्याने मला काउंटरसमोरच्या उंच खुर्चीवर बसवले. कॉकटेल बारचा निम्मा आनंद तिथेच आहे, कारण पेय घडताना तिथून दिसते.

लिंबाचा रस किंवा अंड्याचा पांढरा भाग असलेले पेय शेकरमध्ये, म्हणजे झाकणाच्या उभ्या भांड्यात, बर्फासह जोरात हलवतात, त्यामुळे त्यात हवा मिसळून ते फेसाळते. निव्वळ मद्यांचे पेय मात्र लांब दांड्याच्या चमच्याने शांतपणे ढवळतात, म्हणजे ते नितळ राहते. या खटाटोपात बर्फ वितळून जे पाणी उतरते तेही पेयाचा आवश्यक घटक असते, हे कळल्यावर ‘पाणी घालून फसवतात’ ही माझी शंका फिटली. ओल्ड फॅशन्ड या व्हिस्कीच्या कॉकटेलमध्ये बर्फाचा एकच मोठा ठोकळा घालतात, कारण तेवढ्याच वजनाच्या लहान तुकड्यांपेक्षा तो सावकाश वितळतो आणि व्हिस्की लवकर पांचट होत नाही.

मेन्यूतल्या नावांना बिचकू नका. आंबट, गोड, कडू यांपैकी काय आवडते, एवढे बारटेंडरला सांगितले तरी पुरते. चिंच आणि गुळाचा मेळ साधलेली आमटी जेवत वाढलेल्या माणसाला ही पारख शिकवावी लागत नाही. मी मात्र रंगाला भुलून नेग्रोनी मागवली. जिन, कंपारी (कडू इटालियन मद्य) आणि गोड व्हर्मूथ (वनौषधी घातलेली वाइन) समप्रमाणात असलेले ते पेय पहिल्या घोटाला काढ्यासारखे कडू लागले. ग्लास लहान दिसतो, पण त्यात सोडा किंवा रस काहीच नसतो, हे ध्यानात ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्याने टॉम कॉलिन्स घ्यावे : जिन, लिंबू, साखर आणि सोडा. ते तासभर पुरवता येते.

जाण्याआधी पोटभर नाही तरी नीट काहीतरी खाऊन जा, प्रत्येक ग्लासासोबत साधे पाणी मागा आणि दोन ग्लासांवर थांबा. घ्यायचीच नसेल तर बिनमद्याचे पेय निःसंकोच मागवा. गाडी घरीच ठेवावी. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम ही कायद्याची मर्यादा ओलांडायला फारसे प्यावे लागत नाही.

आणि बारटेंडरशी कन्नडमध्ये बोलून पाहा. माझ्या बेळगावी कन्नडला तो आधी हसला, मग जिनमध्ये घातलेल्या मसाल्यांचा वास घ्यायला त्याने बाटलीच माझ्यापुढे धरली.