ओझोन आणि टर्ब्युलन्स एकाच प्रकल्पात का? (उत्तर जरा लांबलंय)

ताई, विषय घ्यायला हरकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तुम्ही लिहिलंय की भाचा बडोद्याच्या एम. एस. युनिव्हर्सिटीत फिजिक्सच्या एम.एस्सी.ला आहे, अहमदाबादच्या मार्गदर्शकांनी 'वरच्या वातावरणातला टर्ब्युलन्स आणि ओझोनचं रसायन' असा प्रकल्प सुचवलाय (टर्ब्युलन्स म्हणजे हवेतली खळबळ), आणि त्याला वाटतंय की दोन परके विषय ओढूनताणून एकत्र बांधलेत. शिवाय घरात कुणीतरी म्हणालं, ओझोनचा प्रश्न तर सुटला, आता त्यात काय उरलंय. पहिली शंका जास्त मोलाची आहे, म्हणून आधी तीच घेतो. मी फिजिक्सच शिकवायचो, तेव्हा लांबण लागली तर सांभाळून घ्या.

कॉलेजात ओझोन भेटतो तो चॅपमनने १९३० मध्ये मांडलेल्या चार क्रियांमधून. अतिनील प्रकाश ऑक्सिजनचा रेणू फोडतो, सुटलेला अणू दुसऱ्या रेणूला चिकटतो आणि ओझोन होतो. उजेडात तो पुन्हा फुटतो, किंवा ऑक्सिजनचा अणू गाठ पडली की त्याला संपवतो. यात हवा हलतच नाही. हिशोब करून बघितला तर ओझोन प्रत्यक्षाच्या साधारण दुप्पट येतो. ती तफावत पुढे हायड्रोजन, नायट्रोजन आणि क्लोरीनच्या साखळ्यांनी भरून काढली. त्यातल्या नायट्रोजनसाठी क्रुट्झेन आणि क्लोरीनसाठी मोलिना व रोलंड यांना १९९५ चं नोबेल मिळालं. तरी एक गोष्ट रसायनाने सुटेना. ओझोन जास्त तयार होतो विषुववृत्ताच्या वर, आणि साठा जास्त सापडतो ध्रुवांकडच्या अक्षांशांवर, तोही वसंतात. म्हणजे कोणीतरी तो वाहून नेतंय.

इथे प्रकल्पाचा गाभा येतो. प्रत्येक उंचीवर दोन घड्याळं चालू असतात: एखादा रेणू रसायनात किती वेळ टिकतो, आणि तेवढ्या वेळात हवा त्याला किती दूर नेते. रसायन झटपट असेल तर वाऱ्याला कोणी विचारत नाही. रसायन मंद असेल तर वारा ठरवेल ते खरं. दोन्ही वेळा सारख्याच निघाल्या, तिथे संशोधनाला जागा असते. स्थितांबरात (साधारण १५ ते ५० कि.मी.चा थर) ४० कि.मी.वर ओझोनचं कुटुंब (ओझोन आणि सुटा ऑक्सिजन अणू मिळून) दिवसभराच्या आसपास टिकतं, तिथे रसायनाचं राज्य. २० कि.मी.वर तेच अनेक महिने टिकतं.

आता भाच्याला एक आकडेमोड करायला सांगा. टर्ब्युलन्समुळे हवा मिसळायला लागणारा काळ म्हणजे ढोबळमानाने अंतराचा वर्ग भागिले मिश्रण-गुणांक (हवा किती जोमाने मिसळते ते सांगणारा आकडा). खालच्या स्थितांबरात हा गुणांक सेकंदाला ०.१ चौ. मीटर धरला तर ७ कि.मी. उभ्या अंतराला जवळपास १५ वर्षं लागतात. पंधरा! म्हणजे तिथे ओझोन वर-खाली नेण्याचं श्रेय टर्ब्युलन्सला देऊ नये. ते काम ब्रूअर (१९४९) आणि डॉब्सन यांनी ओळखलेल्या संथ अभिसरणाचं. तेच गणित ९० कि.मी.च्या आसपास, गुणांक १०० धरून करा. पाचसहा दिवस येतात.

इतका फरक का? स्थितांबरात वर जावं तसं तापमान वाढतं, कारण ओझोनच अतिनील किरण शोषून ती हवा तापवतो. खाली थंड, वर गरम अशी हवा उलथत नाही. आपल्याकडे उतराणीला (संक्रांतीला) भल्या पहाटे अगाशीवर चढलेल्यांना हे ठाऊक आहे: जमीन तापून खालचा थर मोडेपर्यंत पतंग उचलतच नाही, आणि चुलींचा धूर आडवा पसरून राहतो. स्थितांबर म्हणजे कधीच न मोडणारी तशी पहाट. टर्ब्युलन्स तिथे असतो, पण पातळ, तुटक थरांत, जिथे वाऱ्याचा वेग उंचीनुसार इतका झपाट्याने बदलतो की रिचर्डसन अंक (थराची स्थिरता विरुद्ध वाऱ्यातला फरक यांचं गुणोत्तर) पावाच्या, म्हणजे ०.२५ च्या खाली घसरतो.

त्याच्या वर, मध्यांबरात (साधारण ५० कि.मी.च्या वरचा थर), चित्र पालटतं. डोंगर आणि गडगडाटी ढग यांच्यामुळे खाली उठलेल्या गुरुत्व-लहरी (हवेच्या वर-खाली हेलकाव्यांच्या लाटा) विरळ हवेत चढताना फुगत जातात आणि ६० ते १०० कि.मी.च्या पट्ट्यात फुटतात. तिथला टर्ब्युलन्स त्यांचा. साधारण १०० ते ११० कि.मी.वर तो संपतो, आणि त्याच्या वर जड-हलके वायू आपापल्या वजनाप्रमाणे वेगळे होऊ लागतात. रॉकेटमधून सोडलेल्या बाष्पाच्या रेषांमध्ये ही सीमा डोळ्यांना दिसते: खाली रेष विस्कटते, वर गुळगुळीत राहते. २१ नोव्हेंबर १९६३ ला केरळातल्या थुंब्याहून उडालेल्या पहिल्या रॉकेटमध्ये सोडियमचं बाष्पच होतं.

ह्याच पट्ट्यात, ९० ते ९५ कि.मी.वर, ओझोनचा दुसरा थर आहे. पुस्तकांत त्याला एखादी ओळ मिळते, पण माझ्या मते प्रकल्पाला सगळ्यात रसाळ जागा हीच. दिवसा इथला ओझोन काही मिनिटांत फुटतो, म्हणून दिवसा कमी आणि रात्री कितीतरी पट जास्त. वरवर बघता वाऱ्याचा संबंधच नाही. पण त्याचा कच्चा माल, म्हणजे सुटा ऑक्सिजन अणू, वरून खाली येतो आणि या उंचीवर दिवस ते आठवडे टिकतो. तो खाली किती येणार हे मिश्रण ठरवतं. म्हणजे ओझोनचं घड्याळ वेगवान, त्याच्या कच्च्या मालाचं मंद, आणि टर्ब्युलन्स दुसऱ्याला पकडतो. भरीला तोच टर्ब्युलन्स खालून पाण्याची वाफही वर चढवतो. तिच्यापासून होणारे हायड्रोजनचे घटक ओझोन खातात. मग खळबळ वाढली तर ओझोन वाढेल की घटेल? उंचीगणिक उत्तर वेगळं.

आता एक सावधगिरीचा इशारा. वाचताना मिश्रण-गुणांकाचे आकडे दहा-दहा पटींनी वेगळे दिसतील. त्याने गोंधळून जाऊ नये, फक्त 'कुठला गुणांक' हे विचारावं. १९७० च्या दशकात स्वनातीत विमानांच्या धुराने ओझोन जाईल का हा वाद पेटला, तेव्हाची बरीच मॉडेलं फक्त उभी, एकाच दिशेची होती. त्यांनी मिथेनसारख्या वायूंच्या मोजमापावरून गुणांक काढला. त्यात खरा टर्ब्युलन्स, मोठं अभिसरण, लाटा, सगळं एकाच आकड्यात कोंबलेलं होतं. रडारने मोजलेला गुणांक ही निराळी वस्तू आहे. दोघांची तुलना करून 'विसंगती सापडली' असं लिहिणारे प्रबंध परीक्षकाला लगेच कळतात.

आणखी एक मुद्दा. रसायनाचा वेग दोन घटकांच्या प्रमाणांच्या गुणाकारावर ठरतो, आणि सरासरींचा गुणाकार म्हणजे गुणाकाराची सरासरी नव्हे. एका खोक्याच्या डाव्या अर्ध्यात एक वायू २, उजव्या अर्ध्यात दुसरा २. सरासरीने १ गुणिले १, प्रत्यक्षात क्रिया शून्य. ध्रुवीय भोवऱ्याच्या (हिवाळ्यात ध्रुवाभोवती फिरणाऱ्या वाऱ्यांच्या कड्याच्या) कडेला हेच होतं. आत सक्रिय क्लोरीनची हवा, बाहेर नायट्रोजन डायऑक्साइडची; दोन्ही पातळ धाग्यांमध्ये शेजारी-शेजारी असतात, पण भेटल्याशिवाय क्लोरीन निष्क्रिय होत नाही. मोठ्या चौकटीचं मॉडेल त्यांची तत्काळ भेट घडवतं आणि ओझोनच्या नाशाचा आकडा चुकतो.

साधनांचं म्हणाल तर भारतात चांगली सोय आहे. तिरुपतीजवळ गादंकीचं ५३ मेगाहर्ट्झचं रडार हवेतल्या सुमारे २.८ मीटरच्या खळबळीवरून प्रतिध्वनी घेतं. पण साधारण २५-३० ते ६० कि.मी.च्या मधल्या पट्ट्यात त्याला काही दिसत नाही, आणि मध्यांबरातले प्रतिध्वनी इलेक्ट्रॉन लागत असल्याने दिवसाच मिळतात. ओझोन मात्र तिथे रात्री जास्त! ही अडचण प्रकल्प ठरवतानाच समोर ठेवावी. मधली पोकळी लायडरने भरते, म्हणजे लेसरचा झोत वर सोडून परतणाऱ्या प्रकाशावरून मोजमाप करणाऱ्या उपकरणाने. अबूला गुरुशिखरावर पी.आर.एल.ने (अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा) तसा लायडर चालवलेला आहे. वरच्या ओझोनसाठी नासाच्या 'टाइम्ड' उपग्रहावरच्या 'सेबर' उपकरणाची २००२ पासूनची मोजमापं फुकट मिळतात.

खालच्या थरात काम करायचं असेल तर अहमदाबादहून सुटणाऱ्या हवामान खात्याच्या फुग्यांची नोंद घ्या आणि थॉर्पची पद्धत लावा: पोटेन्शियल तापमानाचा (हवा जमिनीलगतच्या दाबाला आणली तर होईल ते तापमान) आलेख उंचीप्रमाणे चढता लावून, किती हवा जागची हलली ते मोजायचं. मात्र इंटरनेटवर सहज सापडतात त्या मोजक्या पातळ्यांच्या नोंदी यासाठी कुचकामी. काही मीटरांच्या अंतराने घेतलेली मूळ नोंद मागवावी लागते. उपकरणाच्या मोजमापातल्या गोंगाटामुळे (नॉइज) दिसणारी खोटी उलथापालथ आधी गाळावी, आणि ढगातल्या ओल्या हवेचा हिशोब वेगळा करावा.

ओझोनचा प्रश्न सुटला का, याबद्दल थोडं. ओझोन खाणाऱ्या वायूंना आळा घालणारा मॉन्ट्रियल करार (१९८७) यशस्वी झाला, यात वाद नाही. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय अहवालानुसार बहुतेक जगात २०४० च्या सुमारास १९८० ची पातळी परत येईल, अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास. पण २०१८ मध्ये एका अभ्यासाने दाखवलं की मध्य अक्षांशांत खालच्या स्थितांबरातला ओझोन अजून घटतो आहे, आणि त्यामागे वाऱ्यांचा, मिश्रणाचा हात किती यावर चर्चा चालू आहे. म्हणजे तुमच्या भाच्याच्याच विषयावर.

मार्गदर्शकांना त्याने पहिल्याच भेटीत विचारावं की प्रकल्प नेमका कोणत्या उंचीचा. उत्तर '१५ ते १०० कि.मी.' असं आलं, तर नम्रपणे एखादा पट्टा निवडून मागावा. एम.एस्सी.च्या वेळात एक पट्टा होतो.