पोर्टेबल एसएसडी: खोक्यावरचा वेग आणि दहाव्या मिनिटाचा वेग

तुमची गरज मला समजली ती अशी: तुम्ही लग्नांचे आणि गणेशोत्सवातले चित्रीकरण ४के मध्ये करता, घरी ॲपलचा एम१ चिपचा मॅकबुक एअर लॅपटॉप आहे, ज्या स्टुडिओला फूटेज देता तिथे विंडोज आहे, ठाणे-दादर प्रवास रोजचा लोकलचा आहे, आणि दुकानदार सेकंदाला १००० एमबीची एसएसडी (तबकडीऐवजी मेमरी चिपवर साठवणारी ड्राइव्ह) बाजूला ठेवून २००० एमबीची दाखवतो आहे. वरचे पैसे घालावेत का, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते घालू नयेत. तेच पैसे दुसरी ड्राइव्ह घेण्यासाठी ठेवावेत. कारणे जरा सविस्तर सांगतो, कारण हीच चूक मी स्वतः एकदा केली आहे.

सर्वांत आधी आपल्या संगणकाचे पोर्ट पाहावे, ड्राइव्ह नंतर. २००० एमबीच्या बहुतेक ड्राइव्ह यूएसबी ३.२ जेन २ बाय २ या पद्धतीने चालतात, म्हणजे सेकंदाला २० गिगाबिट. तुमच्या एम१ मॅकबुकला ही पद्धत येत नाही. त्याचे पोर्ट थंडरबोल्ट आणि यूएसबी ४ या वेगवान जोडण्यांचे असले, तरी अशी ड्राइव्ह जोडली की ते निमूटपणे १० गिगाबिटवर उतरते, आणि महागडी ड्राइव्ह स्वस्त ड्राइव्हइतक्याच, म्हणजे साधारण १००० एमबीच्या वेगाने चालते. विंडोजच्या लॅपटॉपमध्येही २० गिगाबिटचे पोर्ट सरसकट नसते, त्यामुळे स्टुडिओतल्या यंत्राचे नेमके मॉडेल विचारून घ्या. खऱ्या यूएसबी ४ च्या ड्राइव्ह तुमच्या मॅकवर नक्कीच अधिक वेगाने धावतील, पण त्या महाग असतात, अधिक तापतात, आणि जुन्या पोर्टला जोडल्या की त्यांचे तेज तिथेच संपते.

दुसरे गणित कार्डाचे आहे आणि ते दुकानात कोणी करून दाखवत नाही. कॅमेऱ्यातल्या साध्या यूएचएस-१ मेमरी कार्डाची प्रमाणित कमाल मर्यादा सेकंदाला १०४ एमबी आहे, हातात ९० च्या आसपास पडतात. म्हणजे १२८ जीबीचे भरलेले कार्ड रिकामे करायला सुमारे २४ मिनिटे लागणार. समोर १००० ची ड्राइव्ह असो वा २००० ची, ती बिचारी कार्डाची वाट पाहत बसते. त्याहून वेगवान यूएचएस-२ कार्ड आणि त्याला साजेसा कार्ड रीडर घेतला तर मर्यादा ३१२ वर जाते आणि हाच वेळ निम्म्याहून कमी होतो. लग्नाच्या हॉलमध्ये रात्री साडेअकराला मांडववाले खुर्च्या उचलू लागलेले असताना आपण कार्ड उतरवत बसतो, त्या वेळी खरा फरक चांगला रीडर पाडतो. संपादनाचेही तसेच आहे. सेकंदाला १०० मेगाबिटचे ४के फूटेज (आठ बिटांचा एक बाइट) सेकंदाला अवघे साडेबारा एमबी मागते आणि तासाला सुमारे ४५ जीबी जागा खाते, त्यामुळे तीन कॅमेरे एकत्र लावले तरी १००० एमबीची ड्राइव्ह दमत नाही. २००० चा उपयोग एका ड्राइव्हवरून दुसऱ्या तितक्याच वेगवान ठिकाणी शेकडो जीबी हलवताना होतो. तिथे ५०० जीबीला आठ मिनिटांऐवजी चार लागतात. ती चार मिनिटे रोज वाचणार असतील तर जरूर घ्या.

आता मुख्य मुद्दा. खोक्यावर छापलेला वेग हा सुरुवातीचा असतो. एसएसडी मोकळ्या जागेचा काही भाग तात्पुरता जलद साठा म्हणून वापरते, मेमरीच्या प्रत्येक पेशीत एकच बिट झटपट लिहिते आणि नंतर सवडीने ते नीट रचून ठेवते. हा साठा भरला की ड्राइव्हचा खरा स्वभाव दिसतो. पेशीत तीन बिट ठेवणारी म्हणजे टीएलसी प्रकारची चांगली ड्राइव्ह त्यानंतरही कामचलाऊ वेग टिकवते. चार बिट ठेवणारी, म्हणजे क्यूएलसी, मात्र कधीकधी जुन्या हार्ड डिस्कच्या पातळीला येते. ड्राइव्ह निम्म्याहून अधिक भरलेली असेल तर हा तात्पुरता साठाही आक्रसतो.

काही वर्षांपूर्वी दादरच्या एका लग्नात मी घाईघाईने घेतलेली अशीच एक क्यूएलसी ड्राइव्ह वापरली. दिवसभराचे फूटेज लॅपटॉपवर जमले होते आणि रात्री ते ड्राइव्हवर द्यायचे होते. कॉपीच्या खिडकीतला हिरवा आलेख आधी ताठ उभा होता, मग पायरी उतरावी तसा खाली आला आणि ९० च्या खाली जाऊन तिथेच पडून राहिला. 'दहा मिनिटांत देतो' असे मी नवरदेवाच्या मामांना सांगितले होते. ते शेजारच्या खुर्चीवर बसून तासभर माझ्याकडे पाहत होते. ड्राइव्ह नादुरुस्त नव्हती, माझी निवड चुकली होती. घरी वेग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर तिने झकास आकडे दिले होते, कारण अशी सॉफ्टवेअर एक ते पाच जीबीचीच चाचणी घेतात आणि तात्पुरता साठा त्यात भरतच नाही. म्हणून नवी ड्राइव्ह आणल्यावर किमान दीडशे-दोनशे जीबीचा फोल्डर सलग कॉपी करावा आणि शेवटाकडे आकडा किती आहे ते पाहावे. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत पाहावे, हे ओघाने आलेच.

नावांतला फरकही बारकाईने वाचा. क्रुशियल एक्स९ आणि एक्स९ प्रो यांच्या नावांत एका शब्दाचे अंतर आहे, पण पहिली क्यूएलसी आहे आणि दुसरी टीएलसी. सॅमसंगची टी५ इव्हो मोठ्या क्षमतेची असली तरी क्यूएलसी आहे आणि तिचा जाहीर वेगच ४६० एमबी आहे. साठवणुकीला ती ठीक, तुमच्या कामाला नाही. सॅमसंग टी७ शील्डने सलग लेखनात मला अजून दगा दिलेला नाही. सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेबाबत २०२३ मध्ये काही ड्राइव्हमधला डेटा अचानक नाहीसा झाल्याच्या बऱ्याच तक्रारी आल्या होत्या, कंपनीने काही मॉडेलांसाठी फर्मवेअरचे (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट काढले आणि अमेरिकेत खटलेही दाखल झाले. तुमच्याकडे त्या काळातली जुनी ड्राइव्ह असेल तर तिचे फर्मवेअर तपासून घ्या.

मजबुतीविषयी जाहिरातींत आकडे खूप असतात, त्यातले आपल्या कामाचे थोडे. आयपी हा धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा; आयपी ६५ मधला ६ म्हणजे धूळ आत जात नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा सहन होतो. पाण्यात बुडणे त्यात येत नाही, त्यासाठी दुसरा आकडा ७ लागतो, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. टी७ शील्ड आयपी ६५ आहे, एक्स९ प्रो आयपी ५५, आणि लासीची नारिंगी रग्ड एसएसडी आयपी ६७. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल आणि पाऊस एकत्र झेलायचे असतील तर पहिला आकडा ६ असलेलीच घ्यावी, असे माझे मत आहे. मात्र हे सारे आकडे केबल काढलेली असतानाचे समजावेत. ओल्या सॉकेटमध्ये केबल घालून वीज दिली की पिनांवर हिरवट थर चढतो आणि तिथे कोणताही आयपी आकडा उपयोगाला येत नाही. जून ते सप्टेंबर या काळात मी ड्राइव्ह झिपच्या पिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवतो आणि बॅगेतून काढल्यावर सॉकेट कोरड्या रुमालाने टिपून घेतो.

पडण्याची भीती हार्ड डिस्कइतकी बाळगायचे कारण नाही, कारण एसएसडीत फिरणारी तबकडी नसते. सर्वांत आधी जाते ते सॉकेट. लोकलमध्ये मांडीवर लॅपटॉप, त्याला लोंबकळणारी ड्राइव्ह, आणि दादर आल्यावर उतरणाऱ्यांचा एक धक्का: असे झाले की सॉकेट सैल होते, आणि मग जरासे हलले तरी जोडणी तुटते. मी लॅपटॉपच्या झाकणामागे वेल्क्रोची पट्टी चिकटवली आहे, ड्राइव्ह तिच्यावर बसते आणि आखूड केबलवर ताण येत नाही. वीस-तीस रुपयांची ही पट्टी मला रबरी कवचाहून अधिक उपयोगी पडली आहे. तेच रबरी कवच उष्णताही धरून ठेवते, म्हणून मे महिन्यात बंद गाडीत किंवा उशीवर ठेवून मोठी कॉपी लावू नका. ड्राइव्ह तापली की स्वतःच वेग कमी करते.

मॅक आणि विंडोज दोन्हीकडे चालवायची तर ड्राइव्ह एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट करावी लागेल, कारण विंडोजची एनटीएफएस पद्धत मॅकवर नुसती वाचता येते. पण एक्सफॅट नाजूक आहे. लिहिण्याची नोंद ठेवून सावरून घेण्याची सोय त्यात नाही, त्यामुळे लिहिणे चालू असताना केबल निघाली तर सगळा फोल्डर बिघडू शकतो. इजेक्ट केल्याशिवाय केबल काढायची नाही, घाई कितीही असो.

केबल पेटीतलीच वापरा. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबल आतून यूएसबी २.० च्या असतात आणि त्यांतून सेकंदाला जेमतेम ४० एमबी जातात. 'ड्राइव्ह स्लो आहे' म्हणून माझ्याकडे आलेल्या निम्म्या तक्रारी केबल बदलल्यावर मिटल्या आहेत. तुमच्या एअरला दोनच पोर्ट आहेत. एकात ड्राइव्ह थेट लावा आणि दुसऱ्यात रीडर. दोन्ही एकाच स्वस्त हबवर (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीवर) लावू नका.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात करा किंवा ऑनलाइन, पण जीएसटीचे बिल घ्या आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या. हजार-दोन हजारांत मिळणाऱ्या '१६ टीबी' एसएसडीत बहुधा एखादे छोटे मेमरी कार्ड असते, त्यात फेरफार करून खोटी क्षमता दाखवलेली असते आणि भरत गेल्यावर जुन्या फाइली पुसल्या जातात. शंका आली तर विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि मॅकवर एफ३ ही मोफत साधने ड्राइव्ह पूर्ण लिहून पुन्हा वाचून पाहतात. १ टीबीची ड्राइव्ह विंडोजवर ९३१ जीबी दिसते ती मात्र फसवणूक नव्हे, मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे. वॉरंटीत नवी ड्राइव्ह मिळते, फूटेज मिळत नाही, आणि बिघडलेल्या एसएसडीतून डेटा परत मिळवणे हार्ड डिस्कपेक्षा अवघड असते.

म्हणून तुमच्या जागी मी २ टीबीची एक वेगवान ड्राइव्ह घेण्याऐवजी १ टीबीच्या दोन घेईन, टी७ शील्ड किंवा एक्स९ प्रो, त्या दिवशी जी स्वस्त मिळेल ती; विसर्जनाच्या मिरवणुकीत न्यायची असेल तर मात्र टी७ शील्डच. हॉलमधून निघण्याआधी कार्ड दोन्हींवर उतरवायचे, एक आपल्या बॅगेत आणि दुसरी सहाय्यकाच्या, आणि दोन्ही उघडून काही क्लिप चालवून पाहिल्याखेरीज कार्ड फॉरमॅट करायचे नाही. काम दिल्यानंतरची साठवण मात्र साध्या हार्ड डिस्कवर करा. एसएसडी वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवण्याची वस्तू नाही, दर काही महिन्यांनी ती जोडावी लागते.