वावरामागचं रान राखताना

भाऊ, धुऱ्यापलीकडची पाच एकर झाडी राखायची म्हणतोस, तर रोपवाटिकेकडे धावू नको. आधी सातबारा नीट वाच. १९७५ च्या कायद्याने बरीच खासगी वनं सरकारजमा झाली. तुझा तुकडा त्यात गेला नाही ना, हे तलाठ्याकडून आणि वनखात्याकडून तपासून घे. साग, मोह, ऐन स्वतःच्या जमिनीत असले तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत, हेही ध्यानात ठेव.

पहिली दोन वर्षं फक्त ढोरं आणि आग थांबव. मी सुरुवातीला चारशे रोपं लावली होती, बकऱ्यांनी पंधरा दिवसांत उरकली! त्याच जागी चराई थांबल्यावर पळस, तेंदू, साग जुन्या खुंटांतून आपसूक फुटले.

खरी लढाई मार्चची. मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, आणि आग तिथेच राहत नाही. वेचणाऱ्या बायांशी भांडू नको. फेब्रुवारीतच मोहाखालचा पाला त्यांच्यासोबत झाडून घे, जुनी साडी अंथर. फुलंही स्वच्छ मिळतात. कडेने जाळरेषा काढ, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत-पाला आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, पण वारा पडल्यावर, चार माणसं हाताशी घेऊन.

रायमुनिया, म्हणजे घाणेरी, नुसती छाटशील तर दुप्पट फुटेल. मातीखाली, खोड-मुळाच्या सांध्याखाली कुदळीने तोड आणि उलटी टाक.

कुंपणात करंट मात्र सोडायचा नाही. रानडुक्कर राहील बाजूला, माणूस किंवा वाघ मरेल.

पुढेमागे वाटलं, तर वन्यजीव कायद्याच्या कलम ३६-सी (36C) खाली स्वतःहून समुदाय राखीव क्षेत्रासाठी, म्हणजे आपली जमीन वन्यजीवांसाठी राखीव जाहीर व्हावी म्हणून, अर्ज करता येतो. घाई नाही त्याची. ढोरक्याशी बोललास का अजून?