वाचकांचे प्रश्न : घडीचा चाकू, पेटीतला आणि खिशातला

घडीच्या चाकूंविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या वेळी उत्तरे देत आहे. पत्रे मोठी होती, त्यांतला प्रश्न तेवढा येथे थोडक्यात दिला आहे.

प्रश्न : मी पाचपाखाडीत राहणारा निवृत्त बँक अधिकारी आहे. जुने घर आवरताना आजोबांच्या पेटीत दोन पात्यांचा एक लहान चाकू सापडला. मूठ पिवळसर पांढरी आहे. पात्यावर 'जोसेफ रॉजर्स, शेफिल्ड' असा ठसा असून शेजारी चांदणी व क्रूस, आणि वर मुकुटासह 'जी आर' ही अक्षरे आहेत. पाते काळवंडले आहे. ते घासून लख्ख करावे का? आणि या एका चाकूपासून संग्रहाला सुरुवात करता येईल का?

उत्तर : सर्वप्रथम आपल्याला कळकळीची विनंती अशी, की पॉलिश पेपर, पितांबरी किंवा मोटरवर फिरणारे चाक यांपैकी काहीही त्या पात्याला लावू नका. इंग्लंडमधले शेफिल्ड हे कित्येक शतके चाकू-सुऱ्या घडवणाऱ्यांचे गाव आहे. तिथल्या कारागिरांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला, आणि रॉजर्स हे त्या गावातले अतिशय मानाचे नाव होते. चांदणी आणि क्रूस ही त्यांचीच खूण. मुकुटाजवळची अक्षरे त्या वेळच्या राजाची असतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात, म्हणजे १९०१ पर्यंत, तेथे 'व्ही आर' असे. आपल्या चाकूवर 'जी आर' आहे, तेव्हा तो पाचव्या किंवा सहाव्या जॉर्जच्या कारकिर्दीतला, म्हणजे १९१० ते १९५२ या दरम्यानचा असावा. न गंजणारे पोलाद शेफिल्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली तयार केले खरे, पण त्यानंतरही बराच काळ खिशातल्या चाकूंची पाती जुन्या कार्बन पोलादाचीच होत राहिली. कार्बन पोलाद वापराने काळे-निळे पडते. तो थर पात्याचे थोडेफार रक्षणच करतो आणि चाकूचे वयही सांगतो, म्हणून तो राहू द्यावा. काढायचा तो तांबूस गंज. त्यासाठी गंजावर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकून चाकू रात्रभर ठेवावा आणि सकाळी जुन्या तांब्याच्या पैशाच्या कडेने गंज हलक्या हाताने खरवडावा. तांबे पोलादाहून मऊ असल्यामुळे गंज सुटतो आणि पात्यावर चरा उठत नाही.

मुठीविषयी आपण काही विचारलेले नाही, पण माझ्या मते खरी तपासणी तिथेच करायला हवी. एक चांगले भिंग घेऊन खिडकीजवळ बसा. पृष्ठभागावर बारीक काळसर ठिपके आणि तुटक रेघा दिसल्या, तर ते हाड आहे. त्या रेघा म्हणजे हाडातल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा असतात. मुठीच्या टोकाला, आडव्या कापावर, एकमेकींना छेदणाऱ्या कमानदार रेषांची जाळी दिसली, तर तो हस्तिदंत आहे. एकाही ठिपक्याशिवाय अगदी सारख्या अंतरावरचे समांतर पट्टे दिसले, तर ते बहुधा सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचे एक प्लास्टिक, असते. या तिन्हींचे पुढचे रस्ते वेगळे आहेत. हाड असेल तर काळजी नाही. हस्तिदंत असेल तर तो चाकू विकण्याचा किंवा कुणाला देण्याचा विचारही वन विभागाला विचारल्याशिवाय करू नये, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात पुढे झालेल्या सुधारणांनंतर हस्तिदंताचा व्यापार आपल्याकडे पूर्णपणे बंद आहे, आणि वस्तू आजोबांची आहे एवढ्याने तो कायदा दूर होत नाही. सेल्युलॉइड असेल तर तो चाकू इतर चाकूंपासून वेगळा, मोकळ्या हवेत ठेवावा. जुने सेल्युलॉइड कुजू लागले की त्यातून आम्लाच्या वाफा निघतात, आणि एका बंद पेटीत ठेवलेले शेजारचे चांगले चाकूही त्या वाफांनी गंजतात. संग्रह करणाऱ्यांना हे बहुधा नुकसान झाल्यावरच कळते.

आता चाकू उघडून पाहा. पात्याच्या पाठीजवळ नखासाठी खाच असते. तीत अंगठ्याचे नख घालून पाते हळू वर उचलले, की पाठीची स्प्रिंग प्रथम विरोध करते, मग पाते आपल्या बळाने पुढे जाते आणि पूर्ण उघडताना 'टक्' असा एकच कोरडा आवाज येतो. मिटतानाही तसाच आवाज आला, उघडे पाते चिमटीत धरून डावी-उजवीकडे हलवले असता खिळीपाशी जराही खेळले नाही, आणि मिटल्यावर ते दोन्ही बाजूंना न घासता मधोमध बसले, तर इतक्या वर्षांनंतरही त्या कारागिराचा हात शाबूत आहे असे समजावे. त्यातले लहान पाते मूळचे लेखणीसाठी. युरोपात पिसाची लेखणी तासायला असा चाकू लागे, आणि आपल्याकडे ज्या पिढीने बोरूने कित्ते गिरवले तिला बोरू तिरका छाटून त्याच्या टोकाला बारीक चीर पाडायला असेच पाते लागे. आपले आजोबा त्या पात्याने काय करीत असत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावे. या चाकूची ती माहिती दुसऱ्या कुणाकडेही मिळणार नाही.

संग्रहाची सुरुवात अवश्य करावी, परंतु दिसेल तो चाकू घेत जाऊ नये. एकच सूत्र धरावे, उदाहरणार्थ फक्त शेफिल्डचे, किंवा फक्त लेखणीचे चाकू. वर्षाला एक चांगला चाकू मिळाला तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : मी ठाण्याहून ऐरोलीला ट्रान्स-हार्बर लोकलने नोकरीसाठी जातो. फळ कापण्यासाठी व पार्सले उघडण्यासाठी खिशात एक छोटा, नीटस घडीचा चाकू ठेवावा अशी इच्छा आहे. नऊ इंचांपेक्षा लहान पाते असेल तर कायद्याची अडचण नाही, असे मित्र सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या मित्रांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या नियमांत धारदार शस्त्रांच्या वर्गात नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असलेल्या सुऱ्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेल्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. सात-आठ सेंटिमीटर पात्याचा फळे कापण्याचा चाकू त्या मापाच्या जवळपासही जात नाही.

परंतु ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही पोलीस आयुक्तालयांच्या हद्दीत, सण, निवडणुका, मोर्चे यांच्या सुमारास, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ (१) खाली मनाई आदेश वरचेवर निघत असतात. वर्तमानपत्रात ती छोटी बातमी आपण वाचली असेल : शस्त्रे, सोटे, तलवारी, भाले, दंडे, बंदुका, सुरे, काठ्या, किंवा शारीरिक इजा करण्यासाठी वापरता येईल अशी कोणतीही वस्तू बरोबर बाळगण्यास मनाई. असा आदेश एका वेळी साधारण पंधरा दिवसांचा असतो, आणि त्यात इंचांचे माप नसते. तो लागू असताना नऊ इंचांचा युक्तिवाद उपयोगी पडत नाही. म्हणून आदेश लागू आहे का हे पाहण्याची सवय ठेवावी आणि त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा. विमानात तो हातातल्या सामानात चालत नाही, मोठ्या सामानातच टाकावा लागतो. न्यायालयात, सभेला किंवा झडती होते अशा कुठल्याही ठिकाणी तो नेऊच नये. आपल्या कंपनीच्या सुरक्षा विभागाला एकदा विचारून घेणेही इष्ट.

आणखी एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात नाही, तरी मला ती तितकीच महत्त्वाची वाटते. आपल्याकडे 'चाकू' म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर खटक्याचा रामपुरी येतो. उत्तर प्रदेशातल्या रामपूरच्या कारागिरांचे कसब मोठे होते, पण सिनेमाने त्या चाकूची ओळख गुंडाच्या हाताशी कायमची जोडली. त्यामुळे खटक्याने उघडणारा, काळ्या पात्याचा किंवा लढाऊ दिसणारा चाकू आपण घेऊ नये. दोन्ही हातांनी सावकाश उघडावा लागणारा, लाकडी किंवा साध्या धातूच्या मुठीचा चाकू निवडावा. लोकलच्या डब्यात तो कधीही उघडू नये. कचेरीत पेरू कापायचा असेल, तर शेजारच्याला आधी सांगून, पाते आपल्या बाजूला ठेवून कापावा, आणि कुणी चाकू मागितला तर मिटून द्यावा.

प्रश्न : यजमानांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांना एक सुरेख खिशातला चाकू द्यायचा आहे. मधमाशीचे चिन्ह असलेला फ्रेंच 'लागिओल' ऑनलाइन नऊशे रुपयांना दिसतो. तो घ्यावा का? शिवाय धारदार वस्तू भेट देऊ नये, असे सासूबाई म्हणतात. (एक वाचक, नेरूळ)

उत्तर : नऊशे रुपयांचा तो चाकू घेऊ नका. लागिओल हे फ्रान्समधल्या एका गावाचे नाव आहे, आणि एकोणिसाव्या शतकात तिथे घडलेल्या चाकूच्या घाटालाही तेच नाव पडले. ते नाव आणि मधमाशी कुणा एका कारखान्याच्या मालकीची राहिलेली नसल्यामुळे जगात कुठेही बनवलेल्या हलक्या मालावर ती छापली जाते. खरा, हाताने जुळवलेला लागिओल याच्या कितीतरी पट महाग असतो. त्याच्या स्प्रिंगच्या पाठीवर कानशीने काढलेली नक्षी असते आणि मुठीत बारीक खिळ्यांचा मेंढपाळाचा क्रूस बसवलेला असतो. तेवढी ऐपत नसेल, तर नकलेपेक्षा साधा पण अस्सल चाकू केव्हाही अधिक शोभतो.

दोन नावे सुचवतो. ओपिनेल हा फ्रान्सच्या सावोय प्रांतातला, जोसेफ ओपिनेल यांनी १८९० च्या सुमारास घडवलेला, गोल लाकडी मुठीचा चाकू. पाते उघडे राहावे म्हणून फिरवायचे कडे १९५५ साली त्याला जोडले गेले. हातात घेतल्यावर तो फार प्रेमळ वाटतो, पण नेरूळच्या जुलै महिन्यात त्याचे लाकूड फुगते आणि पाते नखाने उघडेनासे होते. तेव्हा मुठीचे मागचे टोक टेबलावर हलकेच आपटले की पाते थोडे वर येते. पावसाळ्यापूर्वी मुठीला जवसाचे तेल पाजून वाळवले, तर हा त्रास बराच कमी होतो. दुसरा चाकू व्हिक्टोरिनॉक्सचा कॅडेट : ८४ मिलिमीटर लांबीचा, खडबडीत चंदेरी ॲल्युमिनिअमच्या मुठीचा, शर्टाच्या खिशालाही जड न होणारा. कार्ल एल्सनर यांनी १८८४ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू केलेल्या कारखान्याचा हा वारसा आहे. यजमानांना तेल-फडक्याची हौस असेल तर ओपिनेल द्या, नसेल तर कॅडेट. आपल्या दमट हवेचा विचार करता माझा कल कॅडेटकडे आहे.

सासूबाईंचे म्हणणे मोडू नका. फ्रान्समध्येही चाकूच्या भेटीने स्नेह कापला जातो असे मानतात, आणि त्यावरचा उपाय असा, की भेट घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हातावर एक नाणे ठेवायचे, म्हणजे चाकू विकत घेतल्यासारखा होतो. यजमानांकडून एक रुपया मागून घ्या.

प्रश्न : कोपरीत आमचे घर खाडीजवळ आहे, त्यामुळे चाकू लवकर गंजतात. धार दारावर येणाऱ्या धारवाल्याकडून लावून घ्यावी का? म्यानासकट ठेवावेत का?

उत्तर : चामड्याच्या म्यानात ठेवू नयेत. चामडे ओल धरते, आणि ते कमावताना वापरलेले क्षार पात्याला लागतात. वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला उघडून पाहावेत.

धारवाल्याकडे स्वयंपाकघरातल्या सुऱ्या खुशाल द्याव्यात, पण हे चाकू देऊ नयेत. मी एकदा एक जुना कार्बन पोलादाचा चाकू असाच दिला होता. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या, आणि पाते हातात आले तेव्हा धारेच्या कडेला निळसर पट्टा उमटलेला होता. पोलाद तापून तिथे मऊ पडले होते. त्यानंतर ती धार कधी टिकली नाही, आणि तेवढा भाग झिजवून काढण्यात पाते अरुंद झाले. म्हणून घरीच, पाण्याने भिजवलेल्या हजार क्रमांकाच्या, म्हणजे बारीक कणांच्या, धार लावायच्या दगडावर, पाते साधारण पंधरा ते वीस अंशांत तिरपे धरून, दोन्ही बाजूंनी सारख्याच वेळा, न दाबता सरकवावे. झाल्यावर पिकलेल्या टोमॅटोच्या सालीवर पाते नुसते टेकवून ओढावे. साल न दबता कापली गेली, की काम झाले. मग पाते धुऊन कोरडे करावे आणि खिळीवर तेलाचा एक थेंब सोडून चाकू चार वेळा उघडावा-मिटावा.