पातळ चामड्याला १-२ मिलिमीटरची भोकं पाडायला आरी घ्यावी की पंच?

पंच घ्या, आणि तोही हातोडीने ठोकायचा पोकळ पंच, म्हणजे टोकाला गोल धार असलेली नळी. फिरत्या नळ्यांची पक्कड सोयीची खरी, पण तिची सर्वांत बारीक नळी सहसा २ मिलिमीटरची असते आणि जबडा कडेपासून फार आत पोचत नाही. आरी चामडं कापून काढत नाही, तंतू नुसते बाजूला सारते. म्हणून भोक पुन्हा मिटतं आणि ताण आला की तिथूनच चीर जाते. पंच गोल टिकली कापून काढतो. (शिवणीला मात्र आरीच बरी, मिटणारं भोक दोरा आवळून धरतं.)

वह्यांची चामडी कव्हरं मी घरीच करतो, त्यावरून सांगतो: पातळ चामडं धारेखाली दबून नळीत घुसतं, म्हणून खाली जाड पुठ्ठा आणि त्याखाली लाकडी ठोकळा ठेवा. फरशीवर ठोकलंत तर धार गेलीच म्हणून समजा! टिकली अर्धवट लोंबत राहिली, तर जोर वाढवू नका, पंचाला धार लावा.

मेंढीच्या मऊ चामड्यात मात्र पंचाचं भोकही ओढून मोठं होतं. तिथे आयलेट (भोकाच्या कडेला बसवायची धातूची छोटी कडी) बसवा किंवा मागून एक तुकडा चिकटवून मग भोक पाडा.